सरकार पूल बांधून राहिलं

नथ्थूजी खोरगडे गेल्या उन्हाळ्यात वारले. एका वर्तमानपत्राने फोटोखाली त्यांची सगळी कारकीर्द चार ओळींत बसवली होती. बासष्ट साली अपक्ष म्हणून विजयी, सदुसष्ट साली पराभूत, त्यानंतर बहात्तर, अठ्ठ्याहत्तर आणि ऐंशी साली विजयी. ‘पराभूत’च्या पुढे बातमीदाराने स्वतःच्या अकलेने कारणही जोडलं होतं: ‘वारे फिरल्यामुळे’. मी तो कागद बायकोपुढे धरला आणि म्हटलं, वारं-बिरं काही नव्हतं, मी होतो.

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मग लिहा ना एकदाचं. वीस वर्षं मलाच सांगून राहिले."

म्हणून लिहितो आहे.

मी विधानसभेत प्रतिवेदक होतो. हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे पत्रकार का? नाही. पत्रकार वरच्या गॅलरीत बसतो आणि त्याला जे आवडेल ते लिहितो. आम्ही खाली, अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलाशी बसायचो आणि जे जे बोललं जाईल ते सगळं लिहायचो. आवडायचा प्रश्नच नाही. दहा मिनिटांची पाळी असायची. ती संपली की दुसरा प्रतिवेदक आवाज न करता शेजारी येऊन बसायचा, त्याची पेन्सिल चालू झाली की पहिल्याने उठायचं, खोलीत जायचं आणि शॉर्टहँडच्या रेघोट्यांचं मराठी करून टंकलेखकाला द्यायचं. ती प्रत वरिष्ठ तपासायचे. मग ती सदस्याकडे जायची, त्याने चुका दुरुस्त करून परत पाठवायची, आणि मग छापखान्यात. एकदा छापलं की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, असं आमचे मुख्य प्रतिवेदक लेलेसाहेब म्हणायचे.

दुरुस्त करायचं म्हणजे व्याकरण, अर्थ नव्हे. पण हे सदस्यांच्या गळी उतरवता उतरवता आमचे केस पिकले. एकाने न केलेलं अर्धं भाषण प्रतीत घुसडून पाठवलं होतं. दुसरे एक ज्येष्ठ सदस्य खोलीत येऊन खासगी आवाजात म्हणाले, "त्या माझ्या वाक्यानंतर कंसात ‘हशा’ राहिलाय बघा तुमचा." मी म्हटलं, साहेब, कोणी हसलं नव्हतं. ते म्हणाले, "हसायला पाहिजे होतं." त्यांची तक्रार रास्त होती, वाक्य चांगलं होतं, पण मी कंस दिला नाही.

नोकरी मुंबईत असली तरी मी नागपूरचा. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात कारकुनीसाठी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरी आम्ही सगळे ‘काय करून राहिला’, ‘मी जेवून राहिलो’ असंच बोलायचो आणि त्यात काही वेगळं आहे हे मला मुंबईला जाईपर्यंत माहीतही नव्हतं. तिथे पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "काय करताय?" मी म्हटलं, "प्रत तपासून राहिलो." खोलीभर हसू पिकलं. त्यानंतर दोन वर्षं मी जेवायला बसलो की कोणीतरी विचारायचंच, "काय पाठक, जेवून राहिलात का? का जेवून उरलात?" थट्टा होती, आकस नव्हता. पण मी मनाला लावून घेतली आणि जिभेवरून ‘राहिलो’ घासून घासून काढून टाकलं. ‘करतो आहे’, ‘येतो आहे’. इतकं शुद्ध की हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला आलो की आई म्हणायची, "हा कोण पाहुणा आला बाबा?"

ते अधिवेशन म्हणजे आमचं वर्षातलं एक बिऱ्हाड. पेट्या, टंकयंत्रं, कागदांचे गठ्ठे सगळं रेल्वेने नागपूरला यायचं. मुंबईकर मंडळी थंडीने गारठून कोटावर कोट चढवायची आणि सकाळी तर्री-पोह्याच्या पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढायची. मी तेवढा त्यांचा वाटाड्या. बोलायचो मात्र त्यांच्यासारखं.

नथ्थूजी नरखेडकडचे. संत्र्याची बाग, थोडा कापूस, शिक्षण सातवी. धिप्पाड माणूस, धोतर, वर बंद गळ्याचा कोट. पहिल्या अधिवेशनात ते दोन दिवस आमच्या टेबलाकडे टक लावून पाहत होते. तिसऱ्या दिवशी मला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

"काहून गा बाबू, तुमची परीक्षा चालू हाय का? माना खाली घालून सारखे लिहूनच राहिले तुम्ही."

मी कामाचं स्वरूप समजावून सांगितलं.

"म्हणजे मी जे बोलीन ते सारं लिहिता?"

"सगळं."

"मायभाषेत बोललो तरी?"

मी म्हटलं, शुद्ध करून लिहितो. त्यांनी जरा विचार केला. "तुहं गाव कोणतं, तुले समजते ना बोलणं?" मी नागपूरचाच आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. त्या दिवसापासून मी त्यांचा ‘पाठकबाबू’ झालो. दरवर्षी ते प्रतिवेदकांच्या खोलीत संत्र्यांची टोपली ठेवून जायचे. लेलेसाहेबांनी पहिल्या वर्षी ती परत केली. दुसऱ्या वर्षी नथ्थूजींनी सोलूनच आणली, तेव्हा परत कशी करणार.

त्यांच्या भागात जांभूळदरा नावाचं गाव आहे आणि गावाला वळसा घालून जाणारा नाला. नकाशात पाहिलं तर रेघ. पावसाळ्यात मात्र त्या रेघेपलीकडची सात-आठ गावं तुटायची. संत्र्याच्या बैलबंड्या अलीकडे येत नसत, बाळंतीण अडली तर खाटेवर घालून खांद्यावरून आणायची आणि पुढे नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. नथ्थूजी निवडून आले ते या एका पुलावर. पहिल्या दिवसापासून प्रत्येक चर्चेत ते कुठूनतरी पुलावर यायचे. विषय कोंबड्यांच्या रोगाचा असला तरी कोंबड्या नाल्यापलीकडच्याच असायच्या.

शेवटी काम मंजूर झालं आणि सुरूही झालं. दोन खांब उभे राहिले. पासष्ट सालच्या हिवाळ्यात नथ्थूजी उठले. पाळी माझी होती.

"अध्यक्ष महाराज, जांभूळदऱ्याचा पूल सरकार बांधून राहिलं, त्याच्याबद्दल मी सरकारचे आभार मानतो. आता त्याच्या पुढचा रस्ताबी करून द्या."

मी शॉर्टहँडमध्ये जसंच्या तसं उतरवलं. खोलीत गेलो आणि घाईत टंकलेखकालाही तसंच सांगितलं, ‘बांधून राहिलं’. एरवी मी ‘बांधत आहे’ केलं असतं. त्या दिवशी पुढची पाळी डोक्यावर होती, सुटून गेलं.

संध्याकाळी लेलेसाहेब प्रती तपासत होते. ते पुण्याचे. मोठे अभ्यासू, कामाला चोख, पण विदर्भाशी त्यांचा संबंध वर्षातून एक महिना आणि तोही कोटातून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पाठक, हे ‘बांधून राहिलं’ काय प्रकरण आहे? आभार मानतायत, म्हणजे बांधून दिलं असं ना?"

बाजूच्या टेबलावर दोघे हसले. एकजण हळूच म्हणाला, "पूल जेवून उरला." मला वाटलं, इतक्या वर्षांनी पुन्हा सुरू झालं. समजावून सांगायला चार वाक्यं लागली असती. आमच्याकडे असं म्हणतात, त्याचा अर्थ काम चालू आहे असा होतो, संपलं असा नाही. ही चार वाक्यं माझ्या तोंडून निघाली नाहीत. ‘आमच्याकडे’ हा शब्दच मला नको होता.

मी म्हटलं, "हो साहेब. तसंच."

त्यांनी खोडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘जांभूळदऱ्याचा पूल सरकारने बांधून दिला’.

तरीही एक दार उघडं होतं. ती प्रत दुरुस्तीसाठी नथ्थूजींकडे गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती घडी न मोडता माझ्या हातात परत दिली. "वाचली का?" मी विचारलं. "तू लिहिलं ना गा? आपला मानूस लिहून राहिला, मंग मी काहून वाचू?" खाली सही होती. मी ती प्रत छापखान्याच्या गठ्ठ्यात ठेवली. खरं सांगायचं तर त्या वेळी मला फारसं काही वाटलंही नाही. पूल होतोच आहे, आज नाहीतर उद्या ‘दिला’ खरंच होईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि घरी जाऊन पातळ भाजीशी भाकरी खाल्ली.

पूल झाला नाही. पैसे संपले म्हणून म्हणा, कंत्राटदार निघून गेला म्हणून म्हणा, काम थांबलं. नाल्यात दोन खांब तेवढे उभे, त्यांच्यावर बगळे बसायचे. सदुसष्टची निवडणूक आली. नथ्थूजींच्या विरोधकाने कुठून तरी आमच्या छापील कार्यवृत्ताचं पुस्तक मिळवलं आणि गावोगावच्या सभांत ते पान वाचून दाखवलं. तुमच्याच आमदाराने सभागृहात कबूल केलंय, पूल बांधून दिला म्हणून. आभारही मानलेत. मग पूल कुठे आहे? कोणी खाल्ला?

नथ्थूजी सांगत राहिले की मी असं बोललोच नाही. पण छापलेल्या कागदापुढे तोंडच्या शब्दाला कोण विचारतो? ज्या पुलावर निवडून आले त्याच पुलावरून ते पडले, आणि थोडक्या मतांनी पडले. त्याहून वाईट म्हणजे पोरं त्यांना ‘पूलखाऊ’ म्हणू लागली.

यातलं मला मुंबईत काहीही माहीत नव्हतं. त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात एक दिवस शिपाई सांगत आला की तुम्हाला भेटायला कोणी आलंय. व्हरांड्यात नथ्थूजी उभे होते. आमदार नव्हते, म्हणून पास काढून आले होते. हातात टोपली नव्हती, ते पुस्तक होतं. पानात खूण म्हणून संत्र्याचं वाळलेलं पान.

सगळी हकिकत त्यांनी अगदी शांतपणे सांगितली. मग पान उघडून बोट ठेवलं.

"पाठकबाबू, हे मी बोललो का गा? मले आता माहाच भरवसा वाटून नाई राहिला. घरच्या लोकाइनं बी इचारलं, तुम्ही बोलले असाल म्हणून. तू तिथं होता. तू सांग."

त्यांना माझ्यावर संशय नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं.

आमच्या वह्या छपाई झाली की नष्ट करायचा नियम होता. मुंबईतल्या वेळच्या वेळी जायच्या. नागपूरच्या मात्र इथल्या एका कपाटात पडून असत, कारण त्या कपाटाची किल्ली नेमकी कोणाच्या ताब्यात हे कधी ठरलंच नव्हतं. मी किल्ली शोधली, वही शोधली, आणि व्हरांड्यातल्या बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. त्यांना त्या रेघोट्या कळणं शक्यच नव्हतं. मी काहीही वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं, आणि त्या क्षणी हा विचार मनात आला होता हेही लिहून टाकतो.

"वाच गा," ते म्हणाले.

मी एकेका चिन्हाखाली बोट ठेवत वाचलं. "पूल... सरकार... बांधून... राहिलं."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "म्हणजे मी खोटा नाई."

"तुम्ही नाही. मी आहे," मी म्हटलं आणि त्यांना सगळं सांगितलं. लेलेसाहेबांचा प्रश्न, ते हसू, माझं ‘हो साहेब’. ते चिडतील, निदान हात तरी उगारतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पन काहून गा?"

"लाज वाटली मले," मी म्हणालो. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून ‘मले’ निघालं होतं.

"आपल्या बोलण्याची?" त्यांना हे खरोखर समजत नव्हतं. ज्या भाषेत ते मंत्र्याला घाम फोडायचे तिची कोणाला लाज वाटू शकते, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

मी वही घेऊन तसाच लेलेसाहेबांकडे गेलो. छापलेलं बदलायचं तर शुद्धिपत्र काढावं लागतं, त्याला अध्यक्षांची परवानगी लागते आणि परवानगीसाठी कारण द्यावं लागतं. लेलेसाहेबांनी विचारलं, "कारण काय लिहिणार? ऐकण्यातली चूक?" ती पळवाट त्यांनी मुद्दाम ठेवली होती, हे आता कळतं.

"नाही साहेब. ऐकलं बरोबर होतं. विचारलंत तेव्हा खोटं सांगितलं."

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "वही मी मागायला हवी होती. मला न कळणारा शब्द मी माझ्या अंदाजाने खोडला. तेही लिहा." माझ्या अर्जाखाली त्यांनी स्वतःच्या हाताने तसं लिहिलं. मला लेखी ताकीद मिळाली, बढती लांबली. त्यांनाही वरून दोन शब्द ऐकावे लागले असणार, पण ते कधी बोलले नाहीत.

शुद्धिपत्राचा मसुदा झाला: ‘बांधून दिला’ऐवजी ‘बांधत आहे’ असे वाचावे. मी तो नथ्थूजींना दाखवायला नेला, तर त्यांनी मान हलवली.

"हे बी मी नाई बोललो."

"अहो, अर्थ तोच आहे."

"मागच्या खेपेस बी तुम्ही लोकाइनं अर्थच लावला ना? जे बोललो ते लिहा."

मी परत गेलो. लेलेसाहेब हसले. थट्टेचं नव्हे, पहिल्यांदाच वेगळं. आणि शुद्धिपत्र छापलं गेलं ते असं: ‘सरकारने बांधून दिला’ऐवजी ‘सरकार बांधून राहिलं (बांधत आहे)’ असे वाचावे. आमच्या घरातलं बोलणं मूळ मजकुरात आणि पुण्याचं कंसात. कंस कुठे द्यायचा हे मला तेव्हा नीट कळलं.

सरकारी नोकर म्हणून मी कुठल्या सभेला जाऊ शकत नव्हतो. पण नथ्थूजींनी तो दीड ओळीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवला आणि पाच वर्षं तो घेऊन ते गावोगाव हिंडले. मतं मागितली नाहीत, फक्त वाचून दाखवायचे. बहात्तरला निवडून आले. सभागृहातल्या पहिल्याच भाषणात पुन्हा पूल आला आणि दोन-अडीच वर्षांत मला मुंबईच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. वेडंवाकडं अक्षर, एकच ओळ: ‘पूल बांधून झाला. आता झाला असं लिहाले हरकत नाही.’

ते कार्ड मी नोकरी संपेपर्यंत टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. नवे लोक विचारायचे, तेव्हा मी सगळी गोष्ट सांगायचो, माझ्या खोटेपणासकट. लेलेसाहेबांच्या सांगण्यावरून मी एक यादीही केली. विदर्भातले सदस्य काय बोलतात आणि त्याचा अर्थ काय होतो. नागपूर अधिवेशनाआधी प्रत्येक नव्या प्रतिवेदकाने ती वाचायची, असा पायंडा पडला. पहिलीच नोंद होती: ‘करून राहिले म्हणजे काम चालू आहे. संपलेले नाही. शंका आल्यास बोलणाऱ्याला विचारावे, शेजाऱ्याला नाही.’ चौतीस वर्षांच्या नोकरीत मी लाखो शब्द लिहिले, मोठमोठ्यांची भाषणं उतरवली. अभिमान वाटतो तो या टंकलिखित दीड पानाचा. मुंबईची पोरं ती पाठ करायची, आणि पुढे पुढे जेवणाच्या सुट्टीत खुशाल म्हणायची, "पाठकसाहेब, आम्ही जेवून राहिलो." आता त्यात थट्टा नव्हती, आणि असली तरी मला ती लागत नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात नथ्थूजी शेवटचं बोलले. पुढची निवडणूक लढवणार नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. गुडघे गेले होते, बाक धरून उठले. मी तेव्हा मुख्य प्रतिवेदक होतो, टेबलाशी बसायची पाळी माझ्यावर येत नसे. पण त्या दिवशी मी पाळीवरच्या पोराला उठवलं आणि पेन्सिल घेऊन बसलो.

ते फार बोलले नाहीत. पुलापलीकडच्या शाळेला मास्तर द्या, एवढी एक मागणी केली. मग थांबले आणि अध्यक्षांकडे बघायचं सोडून खाली आमच्या टेबलाकडे पाहिलं.

"अध्यक्ष महाराज, मी आता जाऊन राहिलो. गेलो नाई. जाऊन राहिलो. लिहिनाऱ्यानं बराबर लिहावं."

सभागृह हसलं. मी कंसात ‘हशा’ लिहिलं, कारण तो होता. डोळ्यांपुढे कागद जरा धूसर झाला, पण रेघ चुकली नाही. संध्याकाळी प्रत त्यांच्याकडे पाठवली. या वेळी त्यांनी ती वाचली, सावकाश, ओठ हलवत. काहीही न खोडता सही केली.

गेल्या उन्हाळ्यात वर्तमानपत्राने छापलं की नथ्थूजी गेले. त्याला माझी हरकत नाही, बातमी खरी आहे. पण विधानसभेच्या कार्यवृत्तात, जिथे एकदा छापलेलं ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, तिथे माझ्या हातचं एक वाक्य आहे आणि ते अचूक आहे. तिथे ते अजून जाऊन राहिले.